एअरब्रशसाठी टायरचा पंप नको

महोदय,

गणपतीच्या तोंडावर घरीच शाडूची मूर्ती रंगवणारे हौशी लोक एअरब्रशसोबत (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनासारखे साधन) मोटारीच्या टायरमध्ये हवा भरायचा १२ व्होल्टचा पंप घेतात. तो स्वस्त असतो, पण त्याला टाकी नसते. त्यामुळे हवा धक्क्याधक्क्याने येते आणि रंगाच्या छटेत ठिपके उमटतात. दहा-पंधरा मिनिटांत तो तापतोही.

०.३ मिमी नोझलला (रंग बाहेर पडायच्या तोंडाला) १५ ते २५ पीएसआय दाब पुरतो. मिनिटाला २० लिटरच्या आसपास हवा देणारा, बिनतेलाचा, ३ लिटर टाकीचा छोटा पिस्टन कॉम्प्रेसर घ्या. ‘कमाल दाब’ मोठा लिहिलेला असतो, त्याला भुलू नका.

खरी अडचण पावसाळ्यातल्या दमट हवेची. दाबलेली हवा गरम असते, ती नळीत थंड झाली की पाणी सुटते आणि ऐन चेहऱ्यावर थेंब उडतो. कच्च्या शाडूवर तर डागच पडतो. कॉम्प्रेसरवर बसवलेला पाण्याचा सापळा (हवेतले पाणी अडवणारी बाटली) पुरत नाही, कारण तिथे हवा अजून गरमच असते. दुसरा छोटा सापळा ब्रशच्या दांड्याशी लावा. काम संपल्यावर टाकीखालची चावी उघडून पाणी काढा, नाहीतर टाकी आतून गंजते.

नळीचे आटे बहुधा १/८ इंची असतात, तरी ब्रश सोबत नेऊनच जोडणी घ्या. सांध्यांना साबणाचे पाणी लावले की गळती बुडबुड्यांतून कळते. थिनरचा रंग वापरणार असाल, तर कापडी मास्क कुचकामी. वाफ शोषणारी कार्बनची डबी (काडतूस) असलेलाच मास्क लागतो.

– एक वाचक, पेण