ग्राफ्टिंग संचातील सदोष अवजार आणि चुकीच्या माहितीपत्रकाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: अवजार बदलून मिळण्याबाबत व माहितीपत्रक दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या राणीमाशी ग्राफ्टिंग संचाबद्दल (ग्राफ्टिंग म्हणजे राणी तयार करण्यासाठी कोवळी अळी पोळ्यातून उचलून कृत्रिम कपात ठेवणे) मी आधी ईमेलने कळवले होते. 'अवजारात दोष नाही, हाताला सवय झाली की जमेल' असे उत्तर आले. मी राण्या तयार करायला आजच लागलेलो नाही, त्यामुळे हे उत्तर मला मान्य नाही.

तक्रार आहे ती स्प्रिंगवाल्या, चिनी पद्धतीच्या अवजाराची. याचे सगळे काम टोकाच्या जिभेवर चालते. जीभ पातळ आणि लवचिक असेल तर ती पोळ्यातल्या कोठीच्या, म्हणजे अळीच्या घराच्या, भिंतीवरून घसरत तळाशी वळते, रॉयल जेलीच्या (माश्या अळीला भरवतात त्या खाद्याच्या) थेंबाखाली शिरते आणि अळीला धक्का न लावता जेलीसकट उचलते. तुम्ही पाठवलेली जीभ वळतच नाही. ती तळावर आपटते आणि जेली खरवडून अळीला कडेला ढकलते. भिंगाखाली पाहिले तर टोकाच्या एका कोपऱ्यावर प्लास्टिकचा कंगोरा उभा दिसतो. अळी एखाद्या स्वल्पविरामाएवढी. तिच्या अंगाला असा कंगोरा लागला की ती संपलीच. शिवाय ढकलणारी पट्टी जिभेच्या टोकापर्यंत पोहोचत नाही, अलीकडेच अडते. म्हणजे मेहनतीने उचललेली अळी कपात उतरायच्या ऐवजी जिभेलाच चिकटून राहते आणि ती सोडवायला दुसरी काडी घ्यावी लागते. मग स्प्रिंग हवी कशाला?

शिंगाची जीभ वाळून ताठ होते आणि पाण्यात ठेवली की मऊ पडते, हे मला माहीत आहे. म्हणून ही जीभही भिजवून पाहिली, काही फरक पडला नाही. जीभ कशाची आहे हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नाही. खोके मात्र देखणे आहे.

दोष हाताचा की अवजाराचा, हे ठरवायला मी एकाच चौकटीतल्या, एकाच वयाच्या अळ्या घेतल्या. कप लावायच्या पट्टीवरचे अर्धे कप तुमच्या अवजाराने भरले, अर्धे माझ्या जुन्या स्टीलच्या आकड्याने. स्टीलच्या आकड्याला सवलत नसते: अळीच्या पाठीकडून शिरावे लागते आणि ती उचलली तशीच, त्याच कुशीवर ठेवावी लागते. उलटली तर वरची श्वसनरंध्रे जेलीत बुडतात आणि अळी गुदमरते. तरीही दुसऱ्या दिवशी आकड्याने भरलेल्या बहुतेक कपांत कामकरी माश्यांनी नवी जेली घातली होती, म्हणजे अळ्या स्वीकारल्या होत्या. तुमच्या अवजाराने भरलेले कप जवळपास सगळे साफ करून रिकामे केलेले होते. पट्टी एक, वसाहत एक, हातही तोच. संचात आलेला तुमचा स्टीलचा आकडा ठीक आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

अवजारापेक्षा माहितीपत्रक मला जास्त खटकले. 'नवशिक्यांनी 3 दिवसांपर्यंतची, स्पष्ट दिसणारी अळी निवडावी' असे त्यात छापले आहे. ग्राफ्टिंगसाठी अळी अंड्यातून बाहेर पडून 24 तास उलटायच्या आतली हवी. कामकरी म्हणून वाढणारी अळी जितकी मोठी घ्याल, तितकी राणी लहान निपजते आणि तिच्या अंडाशयातल्या नलिका कमी भरतात. घात असा की माश्या अशा अळ्याही पुष्कळदा स्वीकारतात. नवशिक्याला वाटते काम फत्ते झाले. राणी कमी अंडी घालते, माश्या तिला बदलायला निघतात, तेव्हा कुठे लक्षात येते. तोवर त्याला तुमचे माहितीपत्रक आठवणारही नाही. दिसायला सोपी म्हणून मोठी अळी घ्यायला सांगण्यापेक्षा गडद जुने पोळे आणि चांगला प्रकाश घ्यायला सांगा, त्यात लहान अळीही पांढरी उठून दिसते. अळ्या वाळू नयेत म्हणून चौकटीवर ओले फडके टाकावे, हेही पत्रकात नाही.

'न वापरलेला माल मूळ वेष्टनात परत करा' ही तुमची अट इथे लागू पडत नाही. ग्राफ्टिंगच्या जिभेचा दोष ती कोठीत घातल्याशिवाय कळणार कसा? आणि या कामात वेळ पुन्हा मिळत नाही. ग्राफ्टिंगनंतर साधारण 12 दिवसांत राणी बाहेर येते. त्या हिशेबाने कपांतल्या अळ्या सांभाळायला विनाराणीची वसाहत आधी तयार करावी लागते, मिलनाच्या छोट्या पेट्या भराव्या लागतात, प्रौढ नर हाताशी असावे लागतात. कप रिकामे राहिले की ही सगळी जुळणी कोलमडते. त्या हंगामाची भरपाई मी मागत नाही, माझ्या मागण्या एवढ्याच:

जीभ तपासून, तिचे टोक आणि ढकलणाऱ्या पट्टीची पोहोच पाहून दुसरे अवजार पाठवावे. ते जमत नसेल तर त्या भागाचे पैसे परत करावेत. जीभ शिंगाची की प्लास्टिकची हे खोक्यावर छापावे. माहितीपत्रकातली अळीच्या वयाची ओळ काढून टाकावी आणि ज्यांना हे पत्रक आधीच गेले आहे त्यांना दुरुस्ती कळवावी. जिभेचे आणि रिकाम्या कपांचे फोटो सोबत जोडले आहेत. सदोष अवजार मी जपून ठेवले आहे, न्यायला माणूस पाठवलात तर लगेच देईन.

कृपया लेखी उत्तर द्यावे.

आपला,
एक मधपाळ ग्राहक