मानेतल्या गाठीचा तुकडा आधी तपासा, मग औषध द्या

संपादक महोदय,

मुंबईत विकसित झालेल्या, रक्ताच्या काही कर्करोगांवरच्या कार-टी पेशी उपचारावर आपल्या दैनिकात आलेला लेख मी दोनदा वाचला आणि कापून ठेवला. पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आलेला आणि टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला यांच्यासारख्या डॉक्टरांनी रुग्णांपर्यंत पोहोचवलेला हा उपचार मुंबईकरांना अभिमान वाटावा असाच आहे. २०२१ मध्ये टाटा स्मारक केंद्राच्याच खारघर इथल्या ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात तो पहिल्या रुग्णाला देण्यात आला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत त्याचे लोकार्पण झाले. आधीच्या उपचारांना दाद न दिलेल्या किंवा आजार उलटलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांमध्ये त्याचा परिणाम दिसल्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत. परदेशात याच प्रकारच्या उपचाराला तीन-चार कोटी रुपये मोजावे लागतात. इथे तो तीस-चाळीस लाखांच्या घरात आला, ही लहान गोष्ट नाही, जरी सामान्य घराला तीही रक्कम आवाक्याबाहेरचीच असली तरी.

तरीही हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. हे सारे संशोधन रुग्णाच्या उपयोगी पडते ते त्याच्या आजाराला नेमके नाव मिळाल्यानंतर. आमच्या घरात ते नाव मिळायला पाच-सहा महिने लागले.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला दाढी करताना मानेच्या बुडाशी एक गाठ हाताला लागली. सुपारीएवढी, न दुखणारी, बोटाने दाबली की रबरासारखी वाटणारी. तो तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि विरारहून अंधेरीला रोज नोकरीसाठी येत-जात होता. संध्याकाळी अंगात कणकण राहायची, रात्री घामाने उशीचा अभ्रा भिजायचा. जवळच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. गाठीत सुई घालून पाणी तपासले, त्या अहवालातून ठोस काही निघाले नाही. तेव्हा ‘आपल्याकडे अशी गाठ बहुधा टीबीचीच असते, औषध देऊन बघू’ असे सांगून टीबीच्या गोळ्या सुरू करण्यात आल्या. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, आणि औषध अंगी लागत असल्याचीच ती खूण आहे असे समजून माझी बहीण निश्चिंत होत होती. ऑगस्टमध्ये गाठ वाढली, तेव्हा ‘औषध लागू पडताना गाठ कधी कधी थोडी फुगते’ असे उत्तर मिळाले. वैद्यकीयदृष्ट्या ते खोटे नव्हते. टीबीच्या गाठी उपचार सुरू असताना खरोखरच फुगू शकतात. म्हणूनच तर पहिलेच निदान पक्के असावे लागते, कारण ते चुकले असेल तर गाठीचे वाढणेही आपल्याला सावध करत नाही.

ऑक्टोबरपासून त्याच्या अंगाला खाज सुटली. पुरळ नाही, चट्टा नाही, पण रात्रभर तो पाय खाजवत बसायचा आणि सकाळी पोटऱ्यांवर नखांचे ओरखडे असायचे. वजन एकसष्टवरून चौपन्नवर आले. अखेर एका ओळखीच्या परिचारिकेने सांगितले म्हणून आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गाठीला हात लावताच ‘ही पूर्ण काढून तपासलेली आहे का?’ एवढाच प्रश्न विचारला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाठ काढली. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग. आजार शरीरात कुठे पसरला आहे ते दाखवणाऱ्या पेट-स्कॅनमध्ये तोवर छातीतल्या गाठीही उजळून निघाल्या होत्या.

या आजाराच्या इतिहासातला एक तपशील मला तेव्हापासून सतत आठवतो. थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लंडनमध्ये वाढलेल्या लसिका ग्रंथींच्या या आजाराचे वर्णन केले. १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल स्टर्नबर्ग यांनी त्यातल्या मोठ्या, वेगळ्या दिसणाऱ्या पेशींचे बारकाईने वर्णन केले, पण हा क्षयाचाच एक निराळा प्रकार असावा असे त्यांना वाटले. १९०२ मध्ये अमेरिकेत डोरोथी रीड या तरुण महिला डॉक्टरने गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हे दोन आजार वेगळे असल्याचे दाखवून दिले. त्या पेशींना आजही या दोघांचे नाव आहे. म्हणजे ज्या प्रश्नाचा निकाल सव्वाशे वर्षांपूर्वी लागला, तोच प्रश्न आमच्या भाच्याच्या मानेवर पुन्हा उभा राहिला, आणि तोही केवळ गाठीचा तुकडा कोणी तपासला नाही म्हणून.

ज्या डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या दिल्या त्यांच्याविषयी माझ्या मनात राग उरलेला नाही. मुंबईत टीबी किती आहे हे कोणाला सांगायला नको. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे आणि मानेत गाठ ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच, आणि बहुतेक वेळा टीबीचा अंदाज खरा ठरतही असेल. अडचण अंदाज करण्यात नाही. अडचण आहे ती अंदाजावर सहा महिन्यांचा उपचार सुरू करण्यात. सुईने घेतलेल्या पाण्यात टीबीचे जंतू जनुकीय तपासणीत सापडले, तर प्रश्नच मिटला, आणि ही तपासणी सरकारी क्षयरोग कार्यक्रमात विनामूल्य होते. ते सापडले नाहीत तर गाठ काढून तपासायला हवी. सुईने येतात त्या सुट्या पेशी. लिम्फोमा ओळखायचा तर गाठीची आतली रचना, पेशी एकमेकींना धरून कशा बसल्या आहेत, हे पाहावे लागते, आणि त्यासाठी अख्खी गाठ किंवा तिचा जाड सुईने घेतलेला पुरेसा तुकडा हवा. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ताप उतरावा किंवा सूज कमी व्हावी म्हणून बायोप्सीआधी, म्हणजे तुकडा काढून तपासण्याआधी, स्टेरॉइड दिले, तर लिम्फोमाची गाठ काही दिवस विरघळल्यासारखी होते आणि नंतर घेतलेल्या तुकड्यातून कधी कधी निदानच होत नाही.

संशोधन जसजसे पुढे जाते आहे तसतसे या तुकड्याचे मोल वाढत चालले आहे, आणि मला मुख्यतः हेच म्हणायचे आहे. नवी औषधे पेशीवरची एखादी ठरावीक खूण ओळखून काम करतात. रिटुक्सिमॅब हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि २००७ मध्ये हैदराबादच्या कंपनीने त्याची स्वस्त आवृत्ती बाजारात आणल्यामुळे आपल्याकडच्या असंख्य रुग्णांच्या आवाक्यात आले. ते चालते ते पेशीवर सीडी२० ही खूण असेल तर. मुंबईच्या कार-टी उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी वेगळ्या काढून, प्रयोगशाळेत त्यांत नवे जनुक घालून, त्यांना सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवले जाते आणि मग वाढवून त्या रुग्णाच्या शरीरात परत सोडल्या जातात. हॉजकिनच्या पेशींवर सीडी३० ही खूण असते आणि तिच्यासाठी वेगळे औषध आहे. यातली कोणती खूण आहे हे गाठ हाताने चाचपून किंवा स्कॅन पाहून कळत नाही. ते कळते तुकड्यावर केलेल्या रासायनिक तपासणीतून.

आमच्या भाच्यावर मात्र जुन्याच चार औषधांचे उपचार झाले, आणि तीही एके काळच्या संशोधनाचीच देणगी आहे. दर पंधरा दिवसांनी परळच्या डे-केअरमध्ये तो खुर्चीवर बसायचा. पहिले औषध लालभडक, सरबतासारखे. शेवटच्या औषधाची पिशवी उजेड लागू नये म्हणून झाकलेली. मधले एक औषध सदाफुलीपासून बनते हे तिथल्या सिस्टरनी सांगितले तेव्हा माझी बहीण चकित झाली, कारण तिच्या गॅलरीतल्या कुंडीत सदाफुलीच होती. १९५० च्या दशकात कॅनडात या झाडाच्या पानांचा मधुमेहासाठी काही उपयोग होतो का हे तपासताना रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांच्या लक्षात आले की पानांच्या अर्काने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, आणि त्यातून विनब्लास्टिन मिळाले. बारा खेपा झाल्या. भाचा आता कामावर जातो, तपासण्या सुरू आहेत आणि शेवटचा स्कॅन स्वच्छ आला आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. उपनगरातल्या रुग्णालयांत गाठ काढण्याची छोटी शस्त्रक्रिया होऊ शकते. तिथे काढलेला तुकडा शहरातल्या एखाद्या सुसज्ज प्रयोगशाळेत नियमित पोहोचवण्याची आणि ठरलेल्या दिवसांत अहवाल परत मिळवण्याची व्यवस्था महापालिकेने उभी करावी, म्हणजे रुग्णाच्या नातेवाइकांना डबी पिशवीत घालून लोकलने हिंडावे लागणार नाही. जंतू न सापडता केवळ अंदाजावर गाठीच्या टीबीचे औषध सुरू झाले असेल, तर दोन महिन्यांनी त्या रुग्णाची पुन्हा तपासणी व्हावी आणि गाठ तशीच असेल तर बायोप्सी टाळली जाऊ नये. आणि या शहरातल्या संशोधकांना माझी कळकळीची विनंती आहे की लिम्फोमाच्या किती रुग्णांना निदानाआधी टीबीची औषधे दिली गेली आणि किती महिने, हे त्यांनी एकदा शोधून काढावे. त्यासाठी नवे यंत्र लागणार नाही. ती माहिती रुग्णांच्या केसपेपरमध्ये, पहिल्या भेटीच्या नोंदीतच लिहिलेली असते.

वाचकांनाही एक सांगावेसे वाटते. बायोप्सी झाली की छापील अहवालावर समाधान मानू नका. काचेच्या पट्ट्या आणि मेणात बसवलेला तुकड्याचा ठोकळा रीतसर अर्ज करून ताब्यात घ्या. आजार उलटला किंवा दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असले, तर सर्वांत आधी तोच मागतात. आमच्या भाच्याचा ठोकळा पोस्टाच्या तिकिटाएवढा आहे. बहिणीने तो तारीख घालून, उन्हापासून दूर, घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात ठेवला आहे.

आपली,
एक नियमित वाचक,
लालबाग, मुंबई