इन्ना रिस्काल यांचे पान : एका सरांस जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

फोनवर आभार मानू लागले की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. व्हॉलीबॉलच्या जुन्या स्पर्धांची टिपणे काढताना मी आपल्याला काही निकाल ताडून पाहण्याची विनंती केली होती. आपण निकाल तर ताडून दिलेतच, शिवाय यादीत कोपऱ्यात पडलेल्या एका नावाखाली लाल रेघ ओढून ‘यांच्यासाठी वेगळे पान करा’ असे लिहून पाठवलेत.

ते नाव इन्ना रिस्काल यांचे. १९४४ साली बाकूमध्ये जन्मलेल्या रिस्काल सोव्हिएत संघाकडून सलग चार ऑलिंपिक खेळल्या आणि चारही वेळा पदक घेऊन परतल्या : १९६४ साली टोकियोत रौप्य, १९६८ साली मेक्सिको सिटीत आणि १९७२ साली म्युनिकमध्ये सुवर्ण, १९७६ साली माँट्रियलमध्ये पुन्हा रौप्य. चारही वेळा सुवर्णासाठीची गाठ जपानशीच होती. टोकियोची कथा मात्र मी कायम जपानच्या बाजूनेच वाचत आले. प्रशिक्षक दाइमात्सु यांची कठोर शिस्त आणि कर्णधार मासाए कासाई यांच्याविषयी पानेच्या पाने, तर पलीकडच्या संघातील वीस वर्षांच्या रिस्काल यांच्याविषयी एक ओळही नाही.

आपले खरे ऋण आहे ते गुणफलक वाचायला शिकवल्याचे. १५-११, १५-८, १५-१३ हे टोकियोचे आकडे पाहून मी ‘एकतर्फी पराभव’ असे लिहून मोकळी झाले होते. सर्व्हिस आपल्या संघाकडे असेल तरच गुण मिळे, ही त्या काळची पद्धत आपण लक्षात आणून दिलीत, तेव्हा कुठे तिसऱ्या सेटमध्ये जपान १४-९ असा पुढे असताना सोव्हिएत संघाने १४-१३ पर्यंत मारलेल्या मजलेची किंमत मला कळली. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस आधी मोडायची आणि मगच गुणासाठी झगडायचे, तेही समोरचा संघ विजयापासून एकाच गुणावर उभा असताना! शिवाय तेव्हा लिबेरो, म्हणजे मागच्या रांगेत केवळ बचावासाठी खेळणारा खास खेळाडू, नव्हता; त्यामुळे फिरत फिरत मागच्या रांगेत आलेल्या प्रत्येकीला सर्व्हिस उचलावीच लागे. ब्लॉकला, म्हणजे जाळ्यापाशी अडवायला उंचावलेल्या हातांना, चेंडू लागला तरी तो संघाला मिळणाऱ्या तीन स्पर्शांपैकी एक धरला जाई. अशा नियमांत विसाव्या वर्षापासून बत्तिसाव्यापर्यंत अव्वल संघात टिकून राहणे म्हणजे काय, हे पदकांच्या तक्त्यावरून मला कधीच उमगले नसते.

आपण रिस्काल यांना त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ मानता. मला अजूनही दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या संघाच्या कर्णधार ल्युदमिला बुलदाकोवा यांचा विसर पडत नाही. यावर आपण पुन्हा रागवाल, याची कल्पना आहे.

आपली वही निराळ्या टपालाने परत पाठवत आहे. रिस्काल यांच्या एका पानाची आता तीन पाने झाली असून, माँट्रियलच्या अंतिम सामन्यापुढे आपल्या लाल पेनासाठी समास मुद्दाम मोठा सोडला आहे.

आपली ऋणी,
एक विद्यार्थिनी