वेढ्यातील रहिवासी कुठे आहेत?

बास्तोन्यच्या वेढ्यावरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. डिसेंबर १९४४ मध्ये जर्मन फौजांनी वेढलेल्या या बेल्जियन गावातून अमेरिकी जनरल मॅकऑलिफ यांनी शरणागतीच्या मागणीला धाडलेले एका शब्दाचे उत्तर त्यात रंगवून सांगितले आहे (ते रंजक आहेच). मात्र सात रस्ते एकत्र येतात म्हणून ज्या गावासाठी दोन्ही सैन्ये झुंजली, तिथल्या रहिवाशांचा उल्लेखही नाही. जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारी स्थानिक परिचारिका रने लमेर २४ डिसेंबरच्या बॉम्बहल्ल्यात मृत्युमुखी पडली. तिची सहकारी, आफ्रिकी आईची मुलगी ऑगस्टा चिवी बचावली. तिचा सन्मान करायला बेल्जियमला २०११ साल उजाडावे लागले. लेखात या दोघींसाठी चार ओळी हव्या होत्या.

– एक वाचक, सातारा