माझ्या आजाराचा अंदाज बांधून तो जाहिरातदारांना पुरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
माहिती संरक्षण अधिकारी व तक्रार निवारण विभाग

विषय: औषधांच्या आठवणीसाठी दिलेल्या नोंदींवरून माझ्या आरोग्याविषयी निष्कर्ष काढून ते संमतीशिवाय इतर कंपन्यांना दिल्याबाबत.

संदर्भ: माझ्या खात्यातून मागवलेली डेटाची प्रत आणि त्यावर तुमच्या ग्राहक सेवा विभागाने दिलेले लेखी उत्तर.

महोदय / महोदया,

मी तुमच्या आरोग्य-नोंदीच्या ॲपची वर्गणी भरणारी ग्राहक आहे. गोळ्यांच्या वेळा, झोप, पाळीच्या तारखा आणि दिवस संपताना मन कसे होते याची एक ओळ, एवढ्यासाठी मी ते वापरते. तुमच्याकडे माझी कोणती माहिती आहे हे पाहावे म्हणून मी डेटाची प्रत मागवली. तिच्यात माझ्या नोंदी होत्याच, शिवाय मी कधीही न लिहिलेल्या गोष्टींचा एक वेगळा तक्ता होता. ‘दीर्घकालीन मानसिक उपचार: शक्यता जास्त.’ ‘मूल होण्यासाठी प्रयत्न: शक्यता मध्यम.’ अशा ओळी आणि प्रत्येकीपुढे ‘भागीदारांना उपलब्ध’ असा शेरा. गोळीचे नाव मी ॲपमध्ये कुठेही टाकलेले नाही. गजर कधी वाजवायचा, इतकेच सांगितले होते.

याबद्दल विचारल्यावर ग्राहक सेवेकडून जे उत्तर आले, त्यामुळे हे पत्र लिहावे लागते आहे. त्यात म्हटले आहे की मी अटी मान्य केल्या होत्या; भागीदारांना दिलेल्या माहितीत माझे नाव नव्हते; आणि हे निष्कर्ष म्हणजे ‘ग्राहकाची माहिती’ नसून तुमच्या प्रणालीचे अंतर्गत गणित आहे. शेवटी एक सूचना: निष्कर्ष चुकीचा वाटत असल्यास डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज करावा.

मी या सूचनेपासूनच सुरुवात करते, कारण मला सर्वांत जास्त धक्का तिनेच बसला.

तुमचा अंदाज बरोबर आहे की चूक, हे मी तुम्हाला सांगणार नाही. या पत्रात नाही आणि पुढच्या कुठल्याही पत्रात नाही. चूक असेल तर तो खोडण्यासाठी मला माझी खरी वैद्यकीय कागदपत्रे तुमच्या हाती द्यावी लागतील. बरोबर असेल तर गप्प बसावे लागेल, आणि ते गप्प बसणेही तुमच्याकडे होकार म्हणून जमा होईल. म्हणजे कोणताही मार्ग घेतला तरी माझ्या शरीराविषयी आणि मनाविषयी कोणाला काय सांगायचे हे ठरवण्याचा माझा अधिकार गेला. ज्याने परवानगीशिवाय माझ्या आजाराबद्दल तर्क केला, त्यानेच तो खोटा असल्याचा पुरावा माझ्याकडे मागावा, याला दुरुस्तीची सोय म्हणत नाहीत. ज्या माहितीवर तुमचा हक्क नव्हता तीच तुम्ही पुन्हा मागत आहात. ही अट तुमच्या कार्यपद्धतीतूनच काढून टाका. माझ्यासारखाच तक्ता पाहून घाबरलेला एखादा ग्राहक खरोखर प्रमाणपत्र पाठवूनही देईल, याची मला काळजी वाटते.

आता ‘अंतर्गत गणित’ या युक्तिवादाविषयी. तुमच्या गोपनीयता धोरणात तुम्ही सर्व देशांतील ग्राहकांना युरोपीय संघाच्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याच्या पातळीचे संरक्षण देण्याचे वचन दिले आहे. मी त्या वचनावर विसंबून खाते उघडले, त्यामुळे मोजमापही त्याच पट्टीने व्हायला हवे. या कायद्याच्या कलम ९ ने आरोग्य, वांशिक मूळ, राजकीय मते, धार्मिक श्रद्धा, कामगार संघटनेचे सदस्यत्व, जनुकीय व बायोमेट्रिक माहिती, लैंगिक जीवन आणि लैंगिक कल यांविषयीची माहिती वेगळी काढून तिच्यावर प्रक्रिया करण्यास मुळातच मनाई केली आहे. स्पष्ट संमती हा त्या मनाईला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. ही मनाई उघड लिहिलेल्या माहितीपुरतीच आहे का, हा प्रश्न युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे लिथुआनियातील एका प्रकरणातून आला होता. सार्वजनिक पदाशी संबंधित व्यक्तींच्या हितसंबंधांची विवरणपत्रे तिथे संकेतस्थळावर प्रसिद्ध होत असत. जोडीदाराचे नाव छापले की लैंगिक कल कोणीही ओळखू शकतो, मग अशी माहिती संवेदनशील ठरते का? न्यायालयाने १ ऑगस्ट २०२२ रोजी सांगितले की ठरते. अप्रत्यक्षपणे, तर्काने उघड होणारी गोष्टसुद्धा या संरक्षणात येते. तिथे निदान तर्क वाचणाऱ्याने करायचा होता. तुम्ही तो स्वतः केलात, रकान्यात भरलात आणि पुढे पाठवलात.

त्याच न्यायालयाने फार पूर्वी, २००३ मध्ये, स्वीडनमधील एका खटल्यात आरोग्यविषयक माहितीचा अर्थ व्यापक घ्यावा असे म्हटले होते. एका बाईने सहकारी स्त्रीच्या पायाला दुखापत झाल्याचे आणि त्यामुळे ती अर्धवेळ रजेवर असल्याचे इंटरनेटवर लिहिले होते. तेवढे वाक्यही आरोग्याची माहिती ठरले. पायाच्या दुखापतीला जे संरक्षण मिळते ते ‘मानसिक उपचार: शक्यता जास्त’ या ओळीला मिळणार नाही, असे तुमचा विधी विभाग खरोखर मानतो का?

नाव दिले नाही, या सबबीचा निकाल लवकर लागतो. तुमच्याच तक्त्यानुसार भागीदारांना माझ्या फोनचा जाहिरात-आयडी, जन्मवर्ष, लिंग आणि ढोबळ ठिकाण गेले आहे. लटान्या स्वीनी या संशोधिकेने २००० साली दाखवून दिले की पिनकोडसारखा पाच अंकी क्रमांक, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेव म्हणून ओळखू येण्याजोगे आहेत. मी पूर्ण जन्मतारीख दिलेली नाही हे खरे, पण जाहिरात-आयडी तिच्याहून नेमका आहे. तो एका विशिष्ट फोनचाच असतो आणि इतर ॲपही तोच वाचतात. जाहिरात नेमकी माझ्याच पडद्यावर आणता येत असेल, तर मी निनावी नाही.

राहिला संमतीचा मुद्दा. खाते उघडताना एकच चौकट होती आणि तिच्यावर खूण केल्याखेरीज पुढे जाता येत नव्हते. गजर वाजवण्यासाठी दिलेली परवानगी निदान करण्याची परवानगी होत नाही. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, हा नियम काही काल-परवाचा नाही. युरोप परिषदेने २८ जानेवारी १९८१ रोजी स्वाक्षरीसाठी खुल्या केलेल्या कन्व्हेन्शन १०८ या माहिती संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात तो आहे, आणि आरोग्याच्या माहितीला विशेष संरक्षण देणारे कलम ६ देखील त्याच करारात आहे. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे जीडीपीआर म्हणतो. तुमच्या ॲपमध्ये ती मागे घेण्याचे बटणच मला सापडले नाही.

तुमच्या प्रतिनिधीने उत्तरात एक वाक्य लिहिले आहे: ‘हा सेवेच्या अटींचा विषय आहे, मानवी हक्कांचा नाही.’ याला मी सविस्तर उत्तर देणार आहे.

मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याचे १९४८ मधील कलम १२ आणि नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे १९६६ मधील कलम १७ माणसाच्या खासगी जीवनात मनमानी हस्तक्षेप होऊ नये असे सांगतात. हे फक्त सरकारला लागू आहे, असा तुमचा समज दिसतो. त्या कराराच्या मानवी हक्क समितीने १९८८ मध्ये आपल्या सामान्य भाष्य क्रमांक १६ मध्ये स्पष्ट केले की हस्तक्षेप राज्यसंस्थेकडून होवो किंवा व्यक्ती वा कंपन्यांकडून, संरक्षण दोन्हींपासून हवे. आपल्याविषयी कोणती माहिती साठवली आहे आणि कशासाठी, हे समजेल अशा स्वरूपात जाणून घेण्याचा आणि चुकीची माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेण्याचा प्रत्येकाचा हक्कही त्याच भाष्यात आहे. स्मार्टफोन कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हाचे हे लिखाण आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, तेव्हा त्या निकालातही खासगीपणाला धोका राज्याकडून तसाच राज्येतर घटकांकडूनही संभवतो, अशी नोंद झाली.

शिवाय तुमच्या वार्षिक अहवालात तुम्ही संयुक्त राष्ट्रांची व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे मानता असे ठळक अक्षरांत छापले आहे. मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये स्वीकारलेल्या या तत्त्वांनुसार हक्कांचा आदर करण्याची कंपनीची जबाबदारी एखादा देश स्वतःचे कर्तव्य पार पाडतो की नाही यावर अवलंबून नसते. आपल्या कृतीने होणारी हानी, तसेच व्यावसायिक संबंधांमुळे आपल्या सेवेशी थेट जोडली गेलेली हानी, या दोन्हींकडे कंपनीने पाहायचे असते. आणि आपल्यामुळे हानी झाल्यास ती भरून काढण्यात भाग घ्यायचा असतो. ‘भागीदार पुढे काय करतात ते आमच्या नियंत्रणात नाही’ हे तुमचे वाक्य या तत्त्वांशी मुळीच जुळत नाही. अहवालात छापलेली गोष्ट ग्राहक सेवेच्या टेबलापर्यंत पोहोचायला हवी.

संवेदनशील माहिती कायद्याने वेगळी का काढली, हे तुमच्या विश्लेषण विभागातील लोकांनी एकदा वाचावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. नेदरलँड्समधील लोकसंख्येच्या नोंदी अतिशय काटेकोर होत्या आणि त्यांत लोकांचा धर्मही नोंदवलेला असे. नोंद करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. नाझी ताब्यात देश गेल्यावर त्याच नोंदी ज्यू कुटुंबांना शोधून काढायला उपयोगी पडल्या, इतक्या की २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतील लोकांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयाला आग लावली आणि त्यांच्यापैकी अनेकांना त्यासाठी गोळ्या घातल्या गेल्या. तुमचा तक्ता आणि ती नोंदवही सारखीच आहे असे मी म्हणत नाही. एकदा तयार झालेली यादी पुढे कोणाच्या हाती जाईल हे ती तयार करणारा ठरवू शकत नाही, एवढेच म्हणते. आज जाहिरातदार आहे. उद्या विमा कंपनी, नोकरी देणारा, घटस्फोटाच्या खटल्यातला समोरचा वकील असेल. त्या यादीतला माझ्याविषयीचा तर्क खोटा असला तरी त्याचे परिणाम मलाच भोगावे लागतील.

माझ्या खात्याच्या नोंदी तुमच्या कार्यालयात कोणी उघडल्या, हेही मी विचारले होते. ‘अशी यादी ठेवली जात नाही’, असे उत्तर मिळाले. फिनलंडमधील एका रुग्णालयात काम करणाऱ्या, एचआयव्ही बाधित परिचारिकेला नेमकी हीच अडचण आली होती. सहकाऱ्यांनी आपली फाइल पाहिली असा तिला संशय होता, पण प्रणालीत फक्त शेवटच्या पाच वेळांची नोंद राहत असे आणि तीही व्यक्तीच्या नव्हे, विभागाच्या नावाने. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १७ जुलै २००८ रोजी तिच्या बाजूने निकाल दिला. नुकसानभरपाई मागण्याची सोय कायद्यात असणे पुरेसे नाही, मुळात अनधिकृत हात फाइलपर्यंत पोहोचूच नये अशी प्रत्यक्ष व्यवस्था हवी, असे त्या निकालात आहे. कोणी पाहिले हे सांगता येत नसेल, तर कोणी पाहिले नाही असे आश्वासन तुम्ही कशाच्या आधारावर देता?

माझ्या मागण्या अशा आहेत. माझ्याविषयी काढलेला प्रत्येक निष्कर्ष आणि तो ज्या नोंदींवरून काढला त्या नोंदी मला समजेल अशा भाषेत द्या. ही माहिती ज्यांना दिली त्या कंपन्यांची नावे द्या. ‘जाहिरात क्षेत्रातील भागीदार’ असा मोघम वर्ग चालणार नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १२ जानेवारी २०२३ रोजी ऑस्ट्रियातील टपाल कंपनीच्या प्रकरणात ग्राहकाला प्रत्यक्ष नावे जाणून घेण्याचा हक्क असल्याचे सांगितले आहे. नावे दिल्यानंतर, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे, ते निष्कर्ष पुसा, त्या कंपन्यांनाही पुसायला लावा आणि त्यांनी पुसल्याची लेखी पोच मला पाठवा. प्रमाणपत्राची अट रद्द केल्याचे कळवा. आणि आरोग्याविषयी तर्क करणारी ही यंत्रणा केवळ माझ्या खात्यापुरती नव्हे, तर ज्याने स्वतंत्रपणे आणि स्पष्टपणे होकार दिलेला नाही अशा प्रत्येकासाठी बंद करा. माझ्यापुरता अपवाद करून प्रकरण मिटवण्याचा प्रस्ताव आला तर मी तो स्वीकारणार नाही.

वर्गणीचे पैसे परत करण्याची तयारी तुमच्या प्रतिनिधीने दाखवली होती. मला ते नकोत. खातेही मी तूर्त बंद करत नाही, कारण खाते बंद होताच सगळा डेटा नाहीसा होतो असे तुमच्या अटींतच लिहिले आहे, आणि हा डेटा आता माझा पुरावा आहे. तक्रारीचा निर्णय होईपर्यंत त्यातील काहीही बदलू किंवा पुसू नये; मागितलेली माहिती हाती आल्यावर काय पुसायचे ते मी लेखी कळवीन.

जीडीपीआरप्रमाणे अशा विनंतीला एका महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. तीच मुदत मी धरते आहे. उत्तर माहिती संरक्षण अधिकाऱ्याच्या सहीने यावे, साच्यातल्या ईमेलने नको. मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास हे पत्र सर्व जोडण्यांसह माहिती संरक्षणाच्या नियामक प्राधिकरणाकडे देईन.

आपली,
खातेधारक ग्राहक

सोबत: १. डेटाच्या प्रतीतील संबंधित तक्ता, वैद्यकीय स्वरूपाचे आकडे झाकून. २. ग्राहक सेवेचे लेखी उत्तर. ३. खाते उघडतानाच्या संमतीच्या पडद्याचे छायाचित्र.