काय काय कमी झालं, ते मोज

प्रिय विनय,

तुझ्या वाचनगटातल्या मुलामुलींना नात्यातली दडपशाही ओळखता यावी, पण व्याख्यान नको, ही तुझी अट मला मनापासून पटली. जुनी नाटकं-कादंबऱ्या या कामाला फार उपयोगी पडतात. मात्र आपली वाचायची एक सवय आधी मोडावी लागेल. आपण लगेच पात्राच्या मनात शिरतो: त्याचं बालपण कसं गेलं, तो असा का झाला, त्याचं प्रेम खरं होतं की नाही. या प्रश्नांना पक्कं उत्तर कधीच मिळत नाही आणि तेवढ्यात छळणाऱ्याला परस्पर माफी मिळून जाते. त्यापेक्षा मुलांना एकच गोष्ट टिपायला सांग: समोरच्या माणसाच्या आयुष्यातून काय काय कमी होत गेलं? भेटणारी माणसं, हातातला पैसा, किल्ल्या, स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'.

सुरुवात शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'पासून कर. त्यावर बेतलेल्या देवलांच्या 'झुंझारराव'मुळे ते आपल्याकडे तसं ओळखीचं आहे. अख्खं नाटक नको, तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश सावकाश आणि मोठ्यानं वाचा. ऑथेल्लो सेनापती, डेस्डिमोना त्याची बायको, कॅसिओ त्याचा अधिकारी, आणि इयागो त्याच्या मनात संशय पेरणारा हाताखालचा माणूस. इयागो तिथे सुरुवातीला थेट आरोप करतच नाही. कॅसिओ डेस्डिमोनापासून दूर जाताना दिसतो, तेव्हा 'हे मला आवडलं नाही' एवढंच पुटपुटतो, आणि ऑथेल्लोनं विचारताच 'काही नाही' म्हणून मागे सरतो. मग ऑथेल्लोचेच शब्द त्याला प्रश्नासारखे परत देतो. मग हितचिंतक होऊन मत्सरापासून जपायला सांगतो. त्यानंतर खरा घाव: तिनं लग्नासाठी बापाला फसवलंच होतं ना? ऑथेल्लोनं डेस्डिमोनाला दिलेला रुमाल कॅसिओच्या हातात पाहिल्याचं तो प्रवेशाच्या अखेरीस सांगतो. प्रत्येक टप्प्यावर थांबून विचार, 'इथवर पुरावा किती?' दरवेळी उत्तर येईल, काहीच नाही. तरी ऑथेल्लोची खात्री वाढतच गेलेली असते, कारण मधली रिकामी जागा त्यानं स्वतःच भरलेली असते. आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणूस सहसा शंका घेत नाही.

त्याच नाटकात चौथ्या अंकात ऑथेल्लो चारचौघांत डेस्डिमोनाला मारतो, आणि शेवटी मरताना, हे कुणी केलं असं विचारल्यावर ती म्हणते, 'कुणी नाही, मीच.' कुणीतरी याला थोर प्रेम म्हणेल. म्हणू दे, पण तिथे थांबू नकोस. दोष स्वतःकडे घेण्याची सवय किती खोल गेली आहे, ते त्या ओळीत दिसतं.

इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' (1879) घेशील तेव्हा आरडाओरडा शोधायला लावू नकोस. नवरा टोरवाल्ड बायकोला, नोराला, 'माझी चिमणी', 'माझी खारूताई' म्हणतो. गोड खाऊ नको म्हणून तिला बजावतो, आणि ती मॅकरून खिशात लपवून तोंड पुसते. टपालपेटीची किल्ली त्याच्याकडे. एवढ्या तीन गोष्टींवर एक तास सहज जाईल. नोरानं त्याच्यासाठी चोरून, खोटी सही करून काढलेल्या कर्जाचा कागद तिसऱ्या अंकात परत येतो तेव्हा तो ओरडतो, 'मी वाचलो!' नोरा विचारते, 'आणि मी?' 'तूसुद्धा, अर्थातच.' क्षणापूर्वी तिला मुलं वाढवायला नालायक ठरवणारा हा माणूस आता तिला क्षमा करून टाकतो. आधी धमकी, मग उदार क्षमा, हा क्रम मुलांना ठळक दाखव. क्षमेच्या गोडव्यात धमकी विसरली जाते.

'गॅस लाइट' (1938) या नाटकाचा थोडक्यात उल्लेख पुरेल. नवरा वस्तू लपवतो आणि बायकोला विसराळू, वेडी ठरवतो. तो चोरून वरच्या मजल्यावर गॅसचे दिवे लावतो, म्हणून खालचे मंद होतात. तिला ते दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरलेला नसतो. बाहेरून आलेला पोलीस अधिकारी तिचं ऐकून घेतो आणि तिथून तिची सुटका सुरू होते.

माझ्या मते सर्वांत मोलाची आहे अ‍ॅन ब्राँटेची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' (1848). नायिका हेलन चित्रं विकून पोट भरायचा आणि मुलाला घेऊन निघून जायचा बेत डायरीत लिहिते. नवरा डायरी हिसकावून वाचतो, किल्ल्या घेतो, रंग-कुंचले आगीत टाकतो, पैसे-दागिने काढून घेऊन तिला महिन्याच्या तुटपुंज्या रकमेवर ठेवतो. बघ, तो नेमकं काय जाळतो: कमाईचं साधन. दुसऱ्या वेळी ती बेत मोजक्या विश्वासू माणसांनाच सांगते, भावाकडून राहायची जागा तयार करून घेते, पहाटे निघते, नाव बदलते, आणि चित्रांवर ठिकाणांची खोटी नावं घालते. इतका बारकाईचा सुटकेचा आराखडा त्या काळच्या कादंबरीत विरळाच.

एमिली ब्राँटेच्या 'वदरिंग हाइट्स' (1847) बद्दल सावध राहा. नायक हीथक्लिफवर मुलं भाळतील. इझाबेलाशी लग्नासाठी पळून जाताना त्यानं तिचा कुत्रा टांगला, आणि ते पाहूनही ती त्याला प्रेमकथेचा नायक समजत राहिली, अशी तिची टर तो स्वतःच उडवतो. ते पान आधी वाचून घे.

एक धोका आहे. मुलं प्रत्येक भांडणावर शिक्का मारू लागतील. भांडणानंतर दोघंही आधीइतकंच मोकळेपणी बोलू, भेटू, खर्चू शकतात का, हे विचारायला लाव. एखादा वाद पुरावा नसतो. महिनोन्‌महिने एकाच बाजूचं आयुष्य आकसणं, हा पुरावा.

आणि चर्चेत कुणी अचानक गप्प झालं, तर सगळ्यांसमोर कारण विचारू नकोस. नंतर एकट्यानं भेट. 'मग सोडत का नाहीस?' हा प्रश्न टाळ. सोडून जाण्याचा काळच अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो. ऐकलेलं तिच्या किंवा त्याच्या घरी पोहोचणार नाही, एवढी हमी दे, फोन आणि निरोप कोण वाचतं ते विचार, आणि समुपदेशक किंवा वकिलाची गाठ घालून द्यायची तयारी ठेव. पुढचा निर्णय त्या व्यक्तीचा.

पहिल्या बैठकीला 'ऑथेल्लो'तला तो एकच प्रवेश पुरे. इयागोचे संवाद मात्र तू स्वतः वाच, अगदी सौम्य आवाजात.

तुझा,
सुधीर