मी बी.ए. आहे, सायली

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

व्हॅनची दुपारची फेरी संपली की बाबा निगडीला येतील, त्यांच्याजवळ हे पत्र देतेय. फोन केला की तू "आई, ऐक ना" म्हणतेस, मी "तू आधी ऐक" म्हणते आणि शेवटी आत्याच फोन घेते. लिहिलेलं निदान मध्येच तोडता येत नाही. पिशवीत स्वेटर आहे, चार्जर आहे, मेथीचे लाडू आहेत. लाडू तुझे. आत्या मागेल, देऊ नकोस.

रविवारचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसले होते. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जाची एक तारखेची मुदत आहे तुझी, डोकं शांत हवं. पण त्या फॉर्मचं ते पान नजरेसमोरून हलत नाही. वडिलांचं शिक्षण दहावी, बरोबर. आईचं शिक्षण बारावी. पुढे विद्यापीठ, पदवी, वर्ष, सगळे रकाने कोरे.

अगं, बारावी तर मी झालेच नाही. म्हणजे केलं ते खोडलंस आणि केलं नाही ते चिकटवलंस.

तू म्हणालीस तुझ्या त्या कौन्सिलर सरांनी सांगितलं, सगळेच असं भरतात, घरातली पहिलीच शिकणारी म्हटलं की वजन पडतं. असेल. मी सौरभदादाला रात्री फोन लावला, त्याच्याकडे सकाळ होती. तो म्हणाला, "मामी, तिथे बहुतेक कॉलेजांत फर्स्ट जनरेशन म्हणजे आईबाप दोघांपैकी कुणाकडेच बॅचलरची पदवी नाही." वर्गात बसून घेतली की घरी बसून, हे त्यात येत नाही. बी.ए. ती बी.ए. आणि फॉर्मच्या शेवटी तू सही करतेस ना, तिथे लिहिलंय म्हणे की माहिती खोटी निघाली तर प्रवेश रद्द होईल, काढून टाकतील, इतकंच काय, दिलेली पदवीसुद्धा परत घेतील. पदवी! चार वर्षं त्या थंडीत काढून मिळवलेली. आणि कशासाठी, तर माझी लपवली म्हणून.

त्यानेच ते तिकडच्या लीहाय विद्यापीठाचं सांगितलं. 2024 ची गोष्ट, आपल्याच देशातला एकोणीस वर्षांचा मुलगा. मार्कशीट खोट्या, आणि स्कॉलरशिप मिळावी म्हणून बाप वारल्याचं दाखवलं. बाप इथे जिवंत. नाव न घालता त्यानेच इंटरनेटवर फुशारकी मारली आणि त्यावरून सापडला. अटक झाली, गुन्हा कबूल केला, परत पाठवला. मी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या मुलाचा नाही, त्याच्या बापाचा विचार करत बसले. पेपरात वाचलं असेल का त्यांनी, का कुणी येऊन सांगितलं असेल?

तुझं तसं नाही, मला कळतं. तू मला मारलं नाहीस, नुसतं बारावीवर थांबवलंस. पण सापडण्यापुरतं दोन्ही सारखंच ना?

हे असं लिहायचं नव्हतं मला. घाबरवायला बसले नाही.

पण एक सांगते, मग गप्प बसते. तो रकाना कुणासाठी आहे? कल्पनामावशीची निकिता बघ. तिची आई आपल्या सोसायटीत चार घरची भांडी करते, बाप असून नसल्यासारखा. तिला दहावीला किती पडले तुला माहीत आहेत. निकिताच्या घरी फॉर्म हा शब्द आला की ती एकटी असते. उद्या ती असा कुठे अर्ज करेल तेव्हा त्या रकान्यातलं वजन तिच्या वाट्याचं आहे. तुझ्याकडे निदान मी होते चुका करायला. वहीला कव्हर घालण्यापासून शिष्यवृत्तीच्या कागदांपर्यंत रांगेत कोण उभं राहिलं? बरं, झालं. भाषण झालं. बाबा म्हणतातच, तुझ्या आईला माईक मिळाला की सोडत नाही. त्याबद्दल सॉरी.

आणि मी काही फार भाबडी नाही हं. काउंटरवर बसते मी. मुदत ठेवीच्या पावत्या माझ्याच हातून जातात. तीच माणसं जूनमध्ये पोराच्या ॲडमिशनला ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिक दुर्बल असल्याचा, दाखला काढून फिरतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न, पाच एकराच्या आत जमीन, हजार चौरस फुटांच्या आत फ्लॅट, आणि त्यात पगार, शेती, धंदा सगळं धरायचं असतं. आमच्या शाखेत यावर चहा होतो, हसतात सगळे. तहसीलच्या दारातला एजंट तर विचारतो, "किती दाखवायचं?" मागच्या वर्षी बाबांनाही कुणीतरी म्हणालं होतं. बाबा म्हणाले, "आहे तेच लिहा, तेवढंही वाढवायला जमत नाहीये." म्हणजे आपल्याला खोटं बोलायची गरजच पडली नाही कधी. यात फार मोठेपणा आहे असं मी म्हणत नाही. आहे तेच इतकं कमी होतं.

तू जे बोललीस ते मात्र मनातून जात नाही. "तुझी डिग्री म्हणजे काही कॉलेज नव्हे गं आई."

खरं आहे. कॅन्टीन नव्हतं, गॅदरिंग नव्हतं. दहावीला इंग्रजीत गेले आणि लग्न झालं. तू झालीस तेव्हा मी पिग्मी, म्हणजे दुकानदारांच्या रोजच्या ठेवी, गोळा करायचे, मंडई, तुळशीबाग, रविवार पेठ. खांद्याला बॅग, हातात पावतीपुस्तक, दहा रुपये, वीस रुपये. एका भांडीवाल्या काकांच्या दुकानात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची जाहिरात असलेला पेपर होता, त्यावर त्यांनी मला हिशेब करून दाखवला होता. दहावी नसली तरी चालतं, आधी पूर्वतयारीची परीक्षा द्यायची, मग बी.ए.ला बसायचं. मी तो कागद मागून घेतला. घरी दाखवायला आठवडा गेला. आप्पा म्हणाले, "कर. इथे पंखा नीट लागत नाही, माझ्या खोलीत बस." गोखलेनगरच्या त्या दीड खोलीत "माझी खोली" म्हणजे कॉटमागची जागा. रविवारी केंद्रावर तास असायचे, तिथे माझ्यापेक्षा मोठे हवालदार, दोन नर्स, एक रिक्षावाले होते. समाजशास्त्राच्या पेपरला तू तापाने फणफणली होतीस. बाबा तुला खांद्यावर टाकून केंद्राच्या बाहेर उभे होते, मी तीन तास खिडकीतून बघत बघत लिहिलं. पास झाले त्यात. मराठीत तर चांगलेच मार्क पडले.

आणि नाशिकला पदवीदानाला गेलो ते तुला आठवतं की मी सांगून सांगून आठवतं? तेव्हा एसटी शिवाजीनगरहूनच सुटायची, वाकडेवाडीला स्टँड गेलं नव्हतं. संगमनेरला तू ओकलीस, माझ्या नव्या साडीवर. गंगापूर धरणाजवळ ते विद्यापीठ, एवढा मोठा आवार, आणि मी तिथे पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. शिकून झाल्यावर कॉलेज बघितलं मी. कमानीवर "ज्ञानगंगा घरोघरी" लिहिलेलं तू मोठ्याने वाचलंस, जोडाक्षरांसकट, आणि बाबांनी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "मुलगी तिसरीत आहे." माझ्या पदवीबद्दल त्या माणसाला काहीच सांगितलं नाही. ते अजून तसेच आहेत, आता व्हॅनमधल्या प्रत्येक पालकाला तुझी अमेरिका सांगतात.

त्यानंतर काउंटर मिळाला, पगार वाढला, तेव्हा कुठे धायरीच्या फ्लॅटचं कर्ज झालं. तुझी वेगळी खोली त्यातून आलीये. असो.

निबंधाबद्दल. तो मी वाचला. इंग्रजी मी हळू वाचते, पण वाचते. साडेसहाशे शब्दांत तू फार छान लिहितेस, मला दोनदा रडू आलं, खोटं नाही. पण पूर? 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, मग खडकवासलाही गेलं, शनिवार पेठेतलं घर वाहून गेलं, ते आप्पांचं. पूरग्रस्त वसाहतीत खोली मिळाली तीही त्यांना. तू साल लिहिलंच नाहीस. वाचणाऱ्याला वाटेल गेल्या पावसाळ्यात झालं. तू पाहिलेत ते धायरीतले टँकर. आप्पांचं दुःख तुझंही आहे, नात आहेस त्यांची, घे की. फक्त त्यांचं नाव घालून घे, साल घालून घे.

माझ्यावर लिही असं म्हणत नाहीये. नाहीतर म्हणशील, आईला निबंधात यायचंय.

तुझी बाजू मला अजिबात कळत नाही असं नाही. या सगळ्यात घरातून तुला कुणी काही सांगू शकलं नाही. सॅटची परीक्षा म्हणजे काय हे मला तुझ्याकडून कळलं. शिफारसपत्र कुणाकडून घ्यायचं, कुठल्या कॉलेजला किती मदत मिळते, सगळं तू रात्र रात्र जागून शोधलंस. कोथरूडच्या त्या तुझ्या मैत्रिणीचे आईवडील दोघं आयटीतले, काका बोस्टनला. तिच्या आणि तुझ्या घरात बी.ए. हा एकच शब्द लिहिला तर अंतर दिसणार नाही, ही तुझी भीती. बरोबर आहे भीती. म्हणून सौरभदादाला तेही विचारलं. तो म्हणाला, फॉर्ममध्ये जादा माहितीची जागा असते, तिथे थोडक्यात लिहायचं: आईने नोकरी करता करता तिशीत दूरशिक्षणातून पदवी घेतली, वडील दहावी, शाळेची व्हॅन चालवतात. तीन ओळींत होईल. मग वाचणाऱ्याला जे ठरवायचं ते तो ठरवेल. नाही मिळालं तर इथे सीईटी आहेच, फर्ग्युसन आहे, आणि तुझ्या डोक्याला काही कुठे गंज लागत नाही. हे मी तुला धीर द्यायला लिहितेय की स्वतःला, मलाच नक्की कळत नाहीये. तू जावंस असं मला वाटतं. फार वाटतं. आणि तिथे कुणी कागद पुढे करून "हे काय?" असं विचारलं तर तुझ्या शेजारी मी नसेन, याने झोप लागत नाही.

सर रागावले तर रागावू देत. त्यांची फी बाबांनी पूर्ण दिलीये.

मार्कमेमो आणि पदवीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स स्वेटरच्या घडीत ठेवलीये, चुरगळू नकोस. विद्यापीठाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्यावर आहे, तेच लिही, मागच्या वेळी शाळेच्या फॉर्मवर तू चव्हाणांचं स्पेलिंग चुकवलं होतंस. बाबांना जेवल्याशिवाय सोडू नका. ते "खाऊन आलो" म्हणतील, खाल्लेलं नसतं.

तुझी,
आई

ता. क. माझ्या पदवीचं वर्ष विचारलं तर 2015. आणि आत्याला रात्रीच्या इन्सुलिनची आठवण कर, ती विसरते.